मनिषाच्या दरखास्तीतली ओळ

सुलाबाईची सिद्धोधनबद्दल तक्रार अशी, की मास्तर झाल्यापासून हे पोरगं सख्ख्या आईशीसुद्धा फळ्याकडं तोंड करून बोलतं. शब्द आपल्यासाठी, नजर भिंतीला. पोरगं म्हणजे सेहेचाळीस वर्षांचं, टक्कल पडलेलं, मानवतला स्वतःचं घर बांधलेलं. पण सुलाबाईच्या लेखी पोटचं ते पोरगंच. दुसरी खोड याहून वाईट. कुणी काही विचारलं की सिद्धोधन आधी "बघू" म्हणायचा, मग "तसं नसतं ते" म्हणायचा, आणि शेवटी त्याच्या मनात पहिल्यापासून जे असेल तेच व्हायचं.

"ह्याच्या बापाला 'बघू' म्हनता आलं न्हाई कधी," सुलाबाई वस्तीतल्या चांगुणाबाईला सांगायची. "एक तर हो, न्हाई तर शिवी. आन् ह्यो बघ. वीस वर्सं झाली, बघायलाच लागलाय."

तरी वस्तीचं त्याच्यावाचून हलत नव्हतं. घरकुल, रेशनकार्ड, शेतरस्ता, निराधारांचा पगार, कशाचीही दरखास्त लिहायची तर ती सिद्धोधननंच. अर्ज हा शब्द सुलाबाईच्या तोंडात कधी बसला नाही. तिच्या सासऱ्याच्या तोंडात निजामाच्या वेळची दरखास्त होती, तीच तिच्याकडं आली.

आणि दरखास्तीची या वस्तीत एक रीत होती. सही-अंगठा करायच्या आधी विहाराच्या ओसरीत, सगळ्यांदेखत, ती मोठ्यानं वाचली पाहिजे. चाळीसेक वर्षांमागं एका शिकलेल्या माणसानं विहिरीसाठी म्हणून बारा जणांचे अंगठे घेतले आणि कागद निघाला गायरान सोडून दिल्याचा. तेव्हा सुलाबाईच्या नवऱ्यानं, आश्रुबानं, ही रीत घातली. कानावर पडल्याशिवाय बोटाला शाई नाही. आश्रुबा जाऊन अकरा वर्षं झाली, पण रीत चालू होती, आणि ती नीट चालते का हे बघायला सुलाबाई ओसरीच्या पहिल्या खांबाशी बसायची. साक्षरतेच्या वर्गात ती चार महिने गेली होती. शब्दाखाली बोट धरून, एकेक अक्षर तोंडानं लावत तिला वाचता यायचं. घाई कुणी केली नाही तर.

तिची धाकटी लेक मनिषा गावातच दिलेली, वस्तीच्या दुसऱ्या टोकाला, बालाजीला. सहा वर्षांमागं मनिषाच्या पोटात गाठ झाली. दवाखान्यातली एक नर्स रोज उशाशी बसून येशूची प्रार्थना करायची. गाठ निघाली, मनिषा घरी आली, आणि वर्षाच्या आत नवराबायकोनं पाण्यात उतरून बाप्तिस्मा घेतला. घराला लागून पत्र्याचं शेड घातलं. त्यावर निळ्या रंगात हातभर अक्षरं काढली: येशू. दर रविवारी आजूबाजूच्या गावांतून तीसेक माणसं तिथं जमायला लागली.

"गाठ डाक्टरनं काढली," सुलाबाई तेव्हा म्हणाली होती, "आन् उपकार येशूचे? त्या डाक्टरचं बी एखादं गाणं म्हना की."

तेव्हापासून तिनं मनिषाच्या घरचं पाणी सोडलं. बाबासाहेबांनी एकदा बाहेर काढलं, तेवढं पुरे, आता आणखी कुठं निघायचं, असं तिचं म्हणणं. आणि ते ती मनिषाच्या तोंडावर म्हणायची. मात्र दर रविवारी दहाच्या सुमाराला ती चांगुणाबाईच्या ओट्यावर जाऊन बसायची. चांगुणाबाईचं घर बरोबर त्या शेडासमोर. तिथं ऊन चांगलं येतं, हे कारण. बसायची शेडाकडं पाठ करून, आणि गाणं सुरू झालं की पुटपुटायची, "लय जोरात वाजवायलाय ढोलकी. येशू काय बहिरा हाय का?"

फेब्रुवारीतल्या त्या रविवारीही ती तिथंच होती. सकाळी नऊलाच लाईट गेली होती. गिरणी बंद, म्हणून चांगुणाबाई ज्वारीचा डबा तसाच परत घेऊन आली होती आणि लाईटवाल्यांच्या नावानं बोटं मोडत होती. शेडात बिनमाईकची प्रार्थना चालली होती. तीन मोटारसायकली आल्या. सात पोरं उतरली, सगळी ओळखीची, गावातली. पुढं चंद्रभान. हा बन्सीधर पाटलाचा पुतण्या. आणि बन्सीधर पाटील म्हणजे सिद्धोधन ज्या शाळेत शिकवायचा तिच्या संस्थेचा सचिव.

पुढचं सगळं दहा मिनिटांत झालं. ढोलकी फोडली. पुस्तकं फाडून नालीत टाकली. बालाजीच्या कानाखाली अशी मारली की चार दिवस त्याला त्या कानानं ऐकू आलं नाही. मनिषा मध्ये पडली तर तिला ढकललं. पत्र्याची कड लागून तिचं कोपर फाटलं. "येशूवाल्यांनो," चंद्रभान ओरडत होता, "गाव सोडा, न्हाई तर येशू सोडा!" बाकीचे हसत होते. एक जण मोबाईलवर शूटिंग करत होता.

सुलाबाई ओट्यावरून उतरली आणि मधोमध जाऊन उभी राहिली. "ए चंद्रभान्या, माझ्या लेकीला हात लावतूस?"

चंद्रभाननं उगारलेला हात खाली घेतला. वाकून तिला नमस्कार केला. "आजी, तुमी बाजूला व्हा. तुमाला कुणी काय म्हनलं का? तुमी बुद्धाची मानसं, तुमचा ह्यात काय संबंध न्हाई. हे फकस्त येशूवाल्यांचं हाय."

शिवी दिली असती तर सुलाबाईपाशी उत्तर होतं, आणि ते चार गल्ल्यांना ऐकू गेलं असतं. नमस्काराला काय म्हणायचं ते तिला सुचलं नाही. पोरं त्यांच्या वेळानं निघून गेली.

सोमवारी शाळा सुटल्यावर सिद्धोधन मानवतहून आला, कोरे कागद आणि दोन पेन घेऊन. विहाराच्या ओसरीत माणसं जमली. बालाजी कानाला रुमाल लावून बसला. मनिषा पाच वर्षांनी विहारापाशी आली होती. ती पायरीवरच टेकली. तिची पोरगी साक्षी, अठरा वर्षांची, तिच्या मागं उभी. परभणीहून त्यांचा पास्टर आला होता, तिशीतला, इस्त्रीच्या शर्टातला. नाव सिताराम.

"नाव सिताराम आन् सांगतूस येशू," सुलाबाई म्हणाली. "आधी सोताचं तरी नक्की कर, बाबा."

"आईनं ठेवलंय, आजी. कागदावर बी तेच हाय," पास्टर हसून म्हणाला.

"ठाण्यातून जमादारांचा फोन आला होता," सिद्धोधन खांबाकडं बघत म्हणाला. "पोरांचं म्हणणं, लाऊडस्पीकरवरून बाचाबाची झाली. किरकोळ वाद."

"आवो मास्तर, लाईट कुठं व्हती?" चांगुणाबाई म्हणाली. "माझी ज्वारी आजून डब्यातच हाय."

"तेच लिहितो. लाईट नव्हती. मारहाण झाली. नावं सात. दुखापत, नुकसान. एवढं बास."

पास्टर पुढं सरकला. "सर, मारहाण कशापायी झाली, ते यायला पाहिजे. हा ख्रिस्ती लोकांचा द्वेष हाय. त्याला त्याच्या नावानं लिहिलं न्हाई, तर असं जिथं जिथं घडतं ते सगळं भांडण म्हणूनच जमा होतं. ह्याच्यावर मोठमोठ्या माणसांत वाद चालू हाय. कुणी म्हणतं ख्रिस्तीद्वेष म्हणा, कुणी म्हणतं ख्रिस्त्यांची भीती असा शब्द पाहिजे."

"भीती? कुणाला?" सुलाबाईनं विचारलं. "ती पोरं काय भ्याली व्हती? दात काढायली व्हती."

"बाहेरच्या भाषेत तसा शब्द हाय, आजी. तो बऱ्याच जणांना पटत न्हाई. आणखी काही म्हणतात, असं नावच ठेवू नका. कारण मग धर्मावर कुणी साधी टीका केली, तरी तिलाबी तेच नाव चिकटवतील."

"मंग मला बी चिकटवा. पाच वर्सं झाली, माझ्या लेकीच्या येशूला मी बोलायलेय. काल बोल्ले, उद्या बी बोलीन."

ओसरी हसली. पायरीवरची मनिषाही हसली, मग कोपराला हिसका बसला म्हणून गप्प झाली.

"हासू नका," सुलाबाई म्हणाली. "मी बोलते ते तिला ऐकवायला. तिनं हो म्हनावं, न्हाई म्हनावं, उलटून मला बोलावं. बोलतीच ती. पर तिनं ह्या गावात ऱ्हाऊ नये, आसं माझ्या तोंडून निघालं का कधी? त्यांच्या तोंडून निघालं. एवढा फरक कळाया काय शाळा लागती?"

बालाजी रुमाल न काढता म्हणाला, "आत्याबाई, प्रभूनं माफ करायला सांगितलंय. मी म्हणतो, काहीच लिहू नका."

"कान तुमचा हाय, जावईबापू, तुमी करा माफ. कोपर माझ्या लेकीचं हाय."

"तसं नसतं ते," सिद्धोधन म्हणाला. आता तो जरा पुढं झुकला. "रागाच्या भरात कागद करायचा नसतो. साक्षीची फाईल जात पडताळणीत पडून आहे. नर्सिंगची जागा लागलीय तिला. दाखला वैध झाला तर टिकते, नाही तर जाते. आणि आज मनिषानं सहीनिशी लिहून द्यायचं, आम्ही ख्रिस्ती म्हणून आम्हाला मारलं? उद्या कुणी हाच कागद समितीपुढं नेऊन टाकला तर? धर्म ख्रिस्ती झाला की आपली जात कागदावरून गेली. पोरीचं काय होईल?"

पास्टर मागं सरकला, त्याच्या दाखल्यावर काय होतं ते त्यालाच माहीत. साक्षी आईच्या मागं उभी राहून पायाच्या अंगठ्यानं फरशीची फट उकरत होती.

मनिषा पायरीवरून म्हणाली, "मी खोटं लिहून देनार न्हाई. आन् पोरीचं बी वाटोळं करनार न्हाई. माय, तूच सांग."

पाच वर्षांत लेकीनं काही विचारलं होतं ते हे पहिलं. सुलाबाईनं घाई केली नाही. पदराच्या टोकानं चष्मा पुसला, घातला, परत काढला.

"चंद्रभान्यानं दाखला मागितला व्हता का?" तिनं विचारलं.

"कसला दाखला?"

"जातीचा. मारायच्या आधी. दाखवा म्हनला व्हता का?"

"न्हाई."

"मंग आपन कामून दाखवायचा? दाखल्यावर तू कोन हायस ते लिहूच नको. त्यानं तुला कोन म्हनून मारलं, ते लिही. 'येशूवाले' म्हनला, 'येशू सोडा न्हाई तर गाव सोडा' म्हनला. ते त्याच्या तोंडचं हाय, तुझ्या न्हाई. त्याच्या तोंडच्या गोष्टीनं साक्षीची जात कशी जाईल?"

पास्टर जागचा उठलाच. "सर, हे बसतं. हे एकदम बसतं."

"बघू," सिद्धोधन म्हणाला, आणि लिहायला लागला.

दोन पानं झाली. मग मास्तरकीच्या सवयीनं ओळीखाली बोट धरून त्यानं ती मोठ्यानं वाचली. आवाज चांगला होता त्याचा, ठणठणीत. "... सदर इसमांनी 'येशूवाल्यांनो, गाव सोडा नाही तर येशू सोडा' असे म्हणून, आम्ही येशूची प्रार्थना करतो एवढ्याच कारणावरून, शिवीगाळ व मारहाण केली ..." माना हलल्या. चांगुणाबाईनं "हां, आस्सं" म्हटलं. मनिषानं सही केली, बालाजीनं केली.

सुलाबाई मात्र बोटाकडं बघत होती. वाचताना बोटाकडं बघायचं, हे तिला वर्गातल्या बाईंनी शिकवलं होतं. त्या ओळीशी सिद्धोधनचं बोट थांबलं, आणि तोंड पुढं बोलत राहिलं. मग तोंड थांबल्यावर बोट पुन्हा चालू झालं. तिला वाटलं, शिकलेल्यांचं बोट मागं राहत असेल. चार महिन्यांच्या शाळेनं पंधरा वर्षांच्या शाळेला काय विचारायचं.

मंगळवारी सिद्धोधननं दरखास्त ठाण्यात दिली आणि शिक्का मारलेली पोचीची नक्कल मनिषाच्या घरी पाठवली.

बुधवारी सुलाबाई डोळ्यांच्या औषधासाठी मानवतला निघाली होती. फाट्यावर यष्टीची वाट बघत उभी असताना बन्सीधर पाटलाची जीप थांबली.

"सुलाबाई, चला की. मानवतलाच जायलोय."

"आमची यष्टी येईल, पाटील. तुमाला कशाला तरास."

पाटील खाली उतरला. माणूस गोड बोलणारा. "पोरं चुकली, बाई. मी न्हाई म्हनत न्हाई. चंद्रभानला दोन ठेवून दिल्या मी."

"त्यानं जावयाला आयकू यायला लागंल का?"

"आता तुमी म्हनजे..." पाटील हसला. "पर मास्तर समजूतदार बरं का तुमचे. भांडनाचं भांडनच ठेवलं त्यांनी. दुसऱ्यानं धर्माचं करून ठेवलं आसतं. गावाचं नाव पेपरात, साऱ्या पोरांवर मोठी कलमं. कमिटीत बोललोय मी, मे महिन्यात हेडमास्तरची जागा मोकळी व्हायलीय, आसाच मानूस पायजे म्हनून."

"कधी बोलनं झालं म्हनता तुमचं? मास्तरशी?"

"रविवारीच. सांच्याला आलते की घरी. च्या घेतला, बसले."

यष्टी आली. कंडक्टरनं दार उघडलं, "चला मावशी" म्हटलं. सुलाबाई चढली नाही. ती वळली आणि दीड मैल उन्हातून चालत गावात परत आली, तडक वस्तीच्या दुसऱ्या टोकाला, मनिषाच्या दारात.

मनिषा भाकरी थापत होती. आईला उंबऱ्याशी बघून तिचा हात तसाच पिठात राहिला.

"पोच दे," सुलाबाई म्हणाली.

मनिषानं हात धुतले आणि बायबलात ठेवलेला कागद काढून दिला. सुलाबाई उंबऱ्यावरच बसली. चष्मा लावला, पहिल्या ओळीखाली बोट धरलं. सगळं वाचणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं. ती एकच शब्द शोधत होती, जो तिनं पाच वर्षं दर रविवारी येता-जाता पत्र्यावर बघितला होता. त्याचं वळण तिला पाठ होतं. ती एकेका ओळीवरून बोट नेत राहिली. सात नावं लागली. ढोलकी लागली. कोपर लागलं. तव्यावरची भाकरी करपली, मनिषानं ती उतरवून ठेवली. दुसरं पान संपलं. येशू कुठंच नव्हता.

"तू वाच. मारलं कशावरून, तेवढं वाच."

मनिषानं कागद घेतला. "'... जुन्या वादाच्या कारणावरून...'" ती थांबली. वरची ओळ बघितली, खालची बघितली. "पर दादानं तर वाचलं व्हतं की, माय. सगळ्यांनी आयकलं."

"वाचलं. लिहिलं न्हाई."

मनिषानं कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "साक्षीपायी केलं आसंल."

"साक्षीपायी आसतं तर ओसरीत म्हनला आसता, मला हे लिहवत न्हाई म्हनून. भांडला आसता. मी ऐकलं बी आसतं एखाद्या वेळेस. पर तिथं त्यानं हो म्हनून वाचून दाखवलं." मग रविवारी संध्याकाळी बन्सीधर पाटलाच्या घरी झालेला चहा तिनं लेकीला सांगितला.

मनिषानं भांड्यात पाणी आणून पुढं ठेवलं. उन्हातून आलेली, घसा कोरडा पडला होता. सुलाबाईनं भांड्याला हात लावला नाही. त्या भांडणाचा या भांडणाशी काही संबंध नव्हता. ती उठली आणि पाणी प्यायला चांगुणाबाईच्या घरी गेली.

गुरुवारी जमादार जबाब घ्यायला गावात आला. विहाराच्या ओसरीत टेबल टाकलं. सिद्धोधननं अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. तो जमादाराशेजारी खुर्ची घेऊन बसला, मदतीला म्हणून.

"साक्षीदार कोण?" जमादारानं विचारलं.

"मी. लिहा," सुलाबाई म्हणाली. "सुलाबाई आश्रुबा, वय शहात्तर, बौद्ध. येशूचं मला काही पटत न्हाई, हे बी लिहा."

"ते लागत नाही, मावशी."

"लागतं. न्हाई तर उद्या म्हनतील, म्हातारी त्यांच्यातलीच व्हती."

जमादारानं तिच्याकडं नीट बघितलं आणि ते लिहिलं. तिनं पुढचं सांगितलं. लाईट नव्हती. गिरणी बंद होती, चांगुणाबाईला विचारा. मोटारसायकली तीन, पोरं सात. कोण काय बोललं ते शब्दाला शब्द. "मी मधी गेले तर मला नमस्कार केला. म्हनला, तुमी बुद्धाची मानसं, तुमचा संबंध न्हाई, हे फकस्त येशूवाल्यांचं हाय. आता ह्याला तुमच्या कायद्यात काय म्हनतात, परभनीत काय म्हनतात, मोठी मानसं काय म्हनतात, ते मला कळत न्हाई. त्यांचं ठरंल तेव्हा ठरंल. पर ज्यानं केलं त्यानं सोताच्या तोंडानं सांगितलंय, कोनासाठी केलं. ते आधी उतरून घ्या."

जमादारानं लिहिणं थांबवून समोरची दरखास्त उलटली. "फिर्यादीत तर जुना वाद म्हटलंय. काय जुना वाद?"

ओसरीत सगळे एकमेकांकडं बघायला लागले. चांगुणाबाई म्हणाली, "आमी आयकलं ते तर येशूचं व्हतं. वाचलं व्हतं की सोमवारी."

"साहेब, मी सांगतो," सिद्धोधन म्हणाला. "तसं नसतं ते. एकंदर गावातलं वातावरण..."

"वातावरण नको, सर. वाद सांगा. कशाचा? शेताचा, बांधाचा, पैशाचा?"

सिद्धोधन खांबाकडं बघायला लागला.

मनिषा पायरीवरून उठली आणि टेबलापाशी आली. "साहेब, वाद नव्हता. माझा जबाब नव्यानं घ्या. मी सोता सांगते."

"मनिषा, साक्षीचा विचार कर," सिद्धोधन खालच्या आवाजात म्हणाला.

उत्तर साक्षीनं दिलं. "मामा, आई कागदावर कोन हाय ते सांगत न्हाई. ते लोक काय म्हनले ते सांगायलीय. फाईलचं काय व्हायचं ते माझं मी बघीन."

फाईलचं काय होईल हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं, तिलाही नाही. जमादारानं नवा कागद घेतला आणि मनिषाचा पुरवणी जबाब लिहायला सुरुवात केली. ती हळूहळू, थांबत थांबत सांगत गेली. लिहून झाल्यावर त्यानं तो वाचून दाखवला, साक्षीनं त्याच्या खांद्यावरून डोळ्यांनी तपासला, आणि मनिषानं सही केली. सुलाबाईनं आपल्या जबाबावर नाव घातलं, चार अक्षरं नीट काढून. जमादार कागद गोळा करून गेला.

माणसं उठली नाहीत. सिद्धोधन खुर्चीतच होता. "माय," तो म्हणाला, "मी पोरीच्या भल्यासाठीच केलं. तुला वाटतंय तसं..."

"रविवारी सांच्याला बन्सीधरकडं च्या प्यालास, तव्हा पोरीच्याच भल्याचं बोलनं चाललं व्हतं का?"

वस्ती ऐकत होती. सुलाबाई खांबाला धरून उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"सिद्धोधन, तू हेडमास्तर हो. खुशाल हो, मी आड येनार न्हाई. भ्यालास म्हनून मी तुला बोलत न्हाई, भ्यायला कारन हाय, गाव त्यांचं हाय. पर ह्या ओसरीत बसून, तुझ्या बापानं घातलेल्या रीतीनं, तू सख्ख्या बहिनीला एक वाचून दाखवलंस आन् सही दुसऱ्याच कागदावर घेतलीस. त्या पोरांनी तिला मारलं ते तोंडानं सांगून मारलं. तू तेवढं बी केलं न्हाईस. आजपसून ह्या वस्तीत कुनाची दरखास्त तू लिहायची न्हाई. च्या प्यायला ये, जेवायला ये, मी मेले तर खांदा द्यायला ये. कागद घेऊन येऊ नको."